सागवानी पावलं

॥ श्री ॥

पिंगळी,
अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला निवांत दिवस

श्रीमान आबासाहेब यांच्या चरणी पिंगळीहून रंगनाथचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. प्रत्यक्षात घातला की उठवायला माणूस लागतं, आणि घरात माझ्याशिवाय जे एक माणूस आहे ते सध्या मोजकंच बोलतं.)

इकडील सर्व मंडळी, म्हणजे मी, तुमची बहीण मनकर्णा आणि भुसा, खुशाल आहोत. तिघांत भुशाची तब्येत सगळ्यांत चांगली. तुमचा गुडघा कसा आहे? तेल खालून वर चोळावं की वरून खाली, यावर उन्हाळ्यात सेलूच्या तुमच्या ओसरीवर आपलं बोलणं अर्धं राहिलं होतं, ते माझ्या डोक्यात अजून आहे. वहिनीसाहेबांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. त्याच्याविषयी पुढं येईलच, कारण त्यातही भुसा निघाला, आणि तो सेलूचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, घरोघरी फोन असताना दाजी पत्र कशाला लिहितात. तर माझ्या फोनच्या बोलायच्या भोकात भुसा बसला आहे. मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, 'दाजी, हिरीत उतरून बोलायलाव का?' मी म्हटलं, नाही हो, ओट्यावर आहे. तेही तुम्हाला ऐकू गेलं नाही. परभणीच्या दुकानदारानं फोन उघडला, आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, काका, तुमचा धंदा काय? आता याला काय उत्तर द्यावं? चुडाव्याच्या स्टेशनावर तिकीट खिडकीत नोकरी झाली. खिडकीच्या भोकातून जेवढं जग दिसतं तेवढं पाहिलं, आणि आता त्याहून बारीक भोकातून पाहतो आहे, एवढंच.

सुतारकाम मी का मांडलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या गावच्या शाळेनं मोडके सागवानी बाक काढून टाकले, ते मी घरी आणले आणि मागच्या पत्र्याच्या शेडात, जिथं पूर्वी कडबा असायचा, तिथं ठेवले. पहिल्या बाकावर रंधा फिरवला. वरची शाईनं आणि तेलकट हातांनी काळी पडलेली कातडी निघाली, आणि आतून जो वास आला तो मी ओळखला. आमचे गुरुजी कविता म्हणवून घ्यायचे तेव्हा आम्ही पोरं बाकावर हनुवटी टेकून म्हणायचो. कविता तोंडातून निघायची, बाकात शिरायची आणि बाकातून परत छातीत यायची. त्या वेळी नाकाशी हाच वास असायचा. (तुमच्या बहिणीचं म्हणणं, त्या वेळी नाकाशी शेंबूड असायचा.) तेव्हापासून मला वाटतं, इतक्या वर्षांच्या, इतक्या वर्गांच्या कविता त्या लाकडात मुरल्या असणार, आणि रंधा मारला की सालींतून बाहेर पडत असणार. साल कशी निघते ते तुम्ही कधी नीट पाहिलंत का? ओळीसारखी निघते. एका दमात लांबवर जाते आणि शेवटाला आपोआप वळते, यमक जुळल्यासारखी. त्या नादात माझे बाक संपत आले, पण वस्तू म्हणाल तर थोड्याच झाल्या, आणि ज्या झाल्या त्यांतली आत्ताआत्तापर्यंत एकही चारही पायांवर एकदम उभी राहिली नव्हती. हे मनकर्णा पाहुण्यांना न विचारता सांगते.

पण साल ही सभ्य जात. जिथं पडते तिथं राहते. खरा विषय भुशाचा आहे.

आबासाहेब, नोकरीत मी विनातिकीट प्रवासी पुष्कळ पाहिले, पण भुशासारखा नाही पाहिला. शेडाला दार, दाराला कडी, पुढं अंगण, मग पायरी, मग स्वयंपाकघराचं मागचं दार. आणि सकाळी उठून पाहावं तर हा देवघरात दत्त म्हणून हजर. चष्म्याच्या बंद डबीत सापडला. भिंतीवरच्या घड्याळात काचेच्या आत सापडला. वहिनीसाहेबांच्या लोणच्याच्या बरणीत सापडला, आणि बरणीला फडकं बांधलेलं होतं हो! तुमची बहीण याला घाण म्हणते. मला नवल वाटतं. हा जातो कसा? उडतो, चालतो, की कुणाच्या खांद्यावर बसून जातो? वाऱ्यानं जातो म्हणावं तर बंद घड्याळात वारा कुठला? करवतीचा भुसा रवाळ असतो, तो फार लांब जाऊ नये. पॉलिश पेपरनं घासल्यावर जी पिठासारखी पूड पडते ती जास्त भटकी असावी, असा माझा कयास. पण कयासावर किती दिवस बसायचं? म्हणून मी मूठभर भुसा कपड्याच्या निळीत रंगवला, वाळवला आणि शेडाच्या मधोमध कागदावर ठेवून दिला, की हा निळा प्रवासी कुठं कुठं उतरतो ते तरी कळू दे. तो आधी माझ्या कानात उतरला. मग उशीच्या अभ्र्यावर. मग मागल्या अंगाला राहणाऱ्या रायभानच्या एका मेंढीच्या शेपटीवर. आणि शेवटी दह्यात. दह्यावर जी निळी रेघ उमटली होती ती उजाडायच्या आधीच्या आभाळासारखी दिसत होती, इतकी सुंदर, की मी मनकर्णाला हाक मारून दाखवली. तिथं माझं चुकलं. माणसानं शोध लावावा, पण दह्याच्या मालकिणीला दाखवायला नेऊ नये. त्याच भरात मला दोन ओळीही सुचल्या होत्या:

भुशा रे भुशा, तू सोन्याचा कण,
कोणत्या घराची तुला आठवण?

त्या मी तिला शाळेतल्या चालीवर म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, 'आठवण कुण्या घराची न्हाई. वरणाच्या पातेल्याची हाय.'

आणि हीच मनकर्णा एके काळी भुशावर बसून फिरायची, हे मला तुमच्याकडूनच कळलेलं आहे! तुमच्या घरी भुशाची शेगडी होती ना. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं भुसा ठासायचा, अलगद बाटली ओढली की मधे नळीसारखं भोक, आणि त्याच्यावर सगळा स्वयंपाक. त्यासाठी तुम्ही दोघं बहीणभाऊ थंडीत हातगाडी घेऊन लाकूड कापायच्या आरामशीनवर जायचात. येताना ही पोत्याचं तोंड सोडून आत घोट्यापर्यंत पाय खुपसून बसायची (ताजा भुसा उबदार असतो म्हणून) आणि तुम्ही गाडी ओढायचात, आणि घर आलं तरी ही उतरायची नाही. त्या काळी भुशासाठी रांग लागायची. आज मी फुकट देतो म्हणतो तर कुणी घेत नाही. वस्तू तीच; मग मान कुठं गेला? हाही एक विचार करण्यासारखा प्रश्न आहे, पण तो राहू द्या.

बंदोबस्त मी केला नाही असं नाही. उन्हाळ्यात मला वाटलं, यातल्या मोठ्या ढलप्या चुलीला चालतात, बारीक भुसा नुसता विझवतो, तर दोन्ही वेगळं करावं. वेगळं कसं करतात? आपण शेतकऱ्यांची मुलं. मी गच्चीवर तिवई नेली, तिच्यावर चढलो, टोपलं डोक्याच्या वर धरलं आणि ज्वारी उफणतात तसा भुसा उफणायला सुरुवात केली. आमचे वडील खळ्यावर वारा पडला की शीळ घालून त्याला बोलवायचे. मीही घातली. लहानपणी खळ्यावर अर्धा अर्धा दिवस न येणारा वारा त्या दिवशी पहिल्या शिळेला आला. ढलप्या तिवईच्या पायाशी पडल्या, अगदी शास्त्राप्रमाणे. भुसा गेला. एवढा सोनेरी ढग मी जन्मात पाहिला नव्हता. उन्हात तो क्षणभर थांबला, वळला, आणि शेजारच्या गच्चीवर उतरला. तिथं कासाबाईच्या कुरडया वाळत होत्या. (कासाबाई म्हणजे आमच्या गल्लीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. डोळ्यांना कमी दिसतं, पण जेवढं दिसतं त्याच्या तिप्पट सांगते.) मी घाबरून तिवईवरच बसून राहिलो. पुढं तिनं त्या कुरडया तळल्या, खाल्ल्या आणि गल्लीभर सांगितलं, 'औंदाच्या कुरडयांला चंदनाचा वास सुटलाय, कुणाची तरी पुण्याई हाय.' मनकर्णानं त्या पुण्यवंताकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

मग पाऊस लागल्यावर मी भुसा रायभानला दिला. त्याच्या मेंढ्यांच्या वाड्यात चिखल होतो, खुरं सडतात. खाली भुसा पसरला की कोरडं राहतं. रायभान खूष, मेंढ्या खूष, मी तर फारच खूष. पण मी उदार मनानं त्यात रंध्याच्या सालीही दिल्या होत्या. त्या लोकरीत शिरल्या. महिन्याभरात सगळा कळप केस कुरळे करून लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला. लोकर कातरायला आलेल्या माणसानं एक मेंढी धरली, कातर चालवली, थांबला, कातर खाली ठेवली आणि म्हणाला, 'रायभान, हे माझं काम न्हाई. सुताराला बोलव.' आणि मुख्य गोष्ट राहिलीच. रायभानचा कळप चरायला जाताना आमच्या अंगणावरून जातो. आमच्या पायरीपाशी आल्या की सगळ्या मेंढ्या एकदम अंग झाडतात. का तिथंच झाडतात हे मला अजून उलगडलेलं नाही. पण दिलेला भुसा असा रोज, लेक माहेरी यावी तसा परत यायला लागला.

तेव्हा मनकर्णानं निकाल दिला. 'लय झालं. महालक्ष्म्यांत घरात एक कण जरी दिसला, तर ते शेड रायभानच्या कोकरांला. करवती-बिरवती माळ्यावर.' रायभान बिचारा कुंपणापलीकडं उभा होता. त्याची कोकरं पावसात भिजतात, त्याला जागा हवीच होती. तो त्याच दिवशी शेड बघून गेला, आणि जाता जाता दाराशी कोकरं बांधायला एक खुंटी ठोकून गेला. मी ती खुंटी रोज पाहायचो. आबासाहेब, माणसाला दुसरं काय असतं हो? सकाळी दार उघडलं की तो वास यावा, एखादी साल लांबच लांब निघावी, चौथीतली एखादी विसरलेली ओळ आठवावी. तेवढं गेलं तर मी दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखत बसणार.

आणि गंमत पाहा. त्याच तोंडानं तिनं मला महालक्ष्म्यांचे दोन स्टँडही करायला सांगितले. जुन्या लोखंडी स्टँडचा एक पाय गंजला होता, त्यामुळं गेल्या साली ज्येष्ठा कनिष्ठेच्या बाजूला झुकून उभी होती, कानात काही सांगत असल्यासारखी, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाया कुंकू सोडून त्या काय बोलत असतील याचीच चर्चा करत होत्या. तेव्हा स्टँड तर नवे हवेत. म्हणजे लाकूड कापायचं, पण भुसा पाडायचा नाही. मी ओलं पोतं अंथरून त्याच्यावर करवत चालवली. दाराला ओलं धोतर टांगलं. बाहेर येताना घमेल्यात पाय धुतले, अंगावरचे कपडे शेडातच झटकले, नाकातोंडाला उपरणं बांधलं. (त्या वेषात रायभानच्या कुत्र्यानं मला दोनदा ओळखलं नाही.) जेवढा भुसा पडला तेवढा सगळा कोपऱ्यात लोटून ढीग केला आणि वर गोणपाट टाकलं. स्टँड आवाहनाच्या आदल्या दिवशीच घरात पोचवले. सरळ झाले, चारही पायांवर झाले. मी काटकोन पाहायचा गुण्या लावून पाहिला, मनकर्णानं मान लांब करून पाहिलं, आणि काही म्हणाली नाही. तिनं काही न म्हणणं हे आमच्याकडं सर्टिफिकेट असतं.

आवाहनाच्या दिवशी आमची लेक सविता नांदेडहून आली होती. सकाळपासून ती शहाबादी फरशी पुसून काढत होती, मनकर्णा अंगणात सडा घालत होती, पाणीच पाणी. मी सकाळच्या गाडीनं केवडा आणि कमळं आणायला परभणीला गेलो तो दुपार कलल्यावर आलो. शेडाकडं त्या दिवशी फिरकलो नाही; हे मी देवापुढं सांगेन. संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. तुळशीपाशी मुखवटे पुजले, सवितानं ज्येष्ठा घेतली, मनकर्णानं कनिष्ठा. पुढच्या दारापासून कुंकवाची पावलं काढलेली. ताटली वाजते आहे, एक विचारते, कशाच्या पावलानं आल्या, बाकीच्या म्हणतात सोन्याच्या, मोत्याच्या, धनधान्याच्या. अशा सगळं घर दाखवत, ही धान्याची खोली, हे देवघर, असं करत स्वयंपाकघरात शिरल्या. मी मागं निरांजन धरून होतो.

ताटली वाजायची थांबली.

मागच्या दारापासून चुलीच्या ओट्यापर्यंत, काळ्या पुसलेल्या फरशीवर, पावलांची एक रांग. सागवानी भुशाची. उजवं, डावं, उजवं, डावं, काठ अगदी स्वच्छ, सोन्यानं छाप मारल्यासारखी. आत आलेली, बाहेर गेलेलं एकही नाही. मी आधी माझे तळवे पाहिले. स्वच्छ. मग मनकर्णाकडं पाहिलं. ती छताकडं पाहत होती. रागानं माणूस छताकडं पाहतं हे मला माहीत आहे, म्हणून मी मनातल्या मनात रंध्याला नमस्कार केला आणि शेड सोडून दिलं. इतक्यात कासाबाई पुढं झाली. खाली वाकली, बोट टेकवलं, नाकाशी नेलं, आणि ओरडली, 'आगं बायांनो! तुमी म्होरच्या दारानं आणायलाव, आन् त्या मागल्या दारानं आदीच येऊन बसल्या की! सोन्याच्या पावलानं!' आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं पहिल्या पावलावर हळदकुंकू वाहिलं.

आता हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूला केरसुणी कोण लावणार?

तेव्हा आबासाहेब, महालक्ष्म्या उठेपर्यंत तो भुसा घरात मानानं राहिला. ज्या मनकर्णानं एक कण दिसला तर म्हटलं होतं, ती त्या कणांना ओलांडून सोळा भाज्या करत होती. मांजर आलं की त्यांच्यावर परात पालथी घालत होती. गल्ली लोटली, मग गाव. कासाबाई ओट्यापाशी पाट टाकून बसली आणि येईल त्याला समजावून सांगत होती. मीही जवळून पाहिलं, कारण मला राहवेना. पावलं लहान, माझ्या तळव्याच्या पाऊणपट. उजव्या पावलात अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याची बारीक रेघ स्पष्ट उमटलेली, डाव्यात नाही. मी हे कासाबाईला दाखवलं, तर ती म्हणाली, 'एवढ्या लांबून आली, वाटंत पडलं असंल एक.' रायभानही आला, हात जोडून उभा राहिला, आणि मग हळूच मला म्हणाला, 'काका, मग शेडाचं काय समजायचं?' मी म्हटलं, बाईंना विचार. त्यानं विचारलं. ती म्हणाली, 'आदी दर्शन घे.'

विसर्जन झालं. मनकर्णानं ती पावलं मऊ फडक्यानं एका कागदावर गोळा केली. उकिरड्यावर जातील असं मला वाटलं, पण ती शेडात गेली आणि कोपऱ्यातल्या ढिगावर हलकेच ओतून आली. त्यानंतर शेडाविषयी तिच्या तोंडून अक्षर नाही. हो नाही, ना नाही. रायभान रोज सकाळी कुंपणाशी येऊन खोकतो. मी रोज खुंटीकडं पाहतो. जीव टांगणीला लागला आहे.

म्हणून आता विनंती. तुमचा जन्म सेलूच्या जिनिंगमध्ये फिटरकीत गेला. मी तिथं एकदा आलो होतो तेव्हा तुम्ही दाखवलं होतं, अंगणातल्या कापसाच्या गंजीला मोठा पाइप लावला की कापूस आपोआप ओढला जाऊन थेट यंत्रावर पडतो. मला ते पाहून आभाळातून ढग ओढल्यासारखं वाटलं होतं. तसला एक जुना लहान पंखा आणि पाइप तुमच्या मागच्या खोलीत पडून आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तो जर दिवाळीच्या आत मिळाला, तर करवतीपाशी पाइपाचं तोंड ठेवीन, भुसा पडायच्या आधीच उचलला जाईल आणि परभारे बाहेर पोत्यात. ढीग नाही, कण नाही, तक्रार नाही, शेड सुरक्षित. तुम्ही स्वतः येऊन बसवून दिलात तर गुडघ्याच्या तेलाची चर्चाही पुरी होईल. एवढी कृपा करावी. वहिनीसाहेबांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहे, तो भुशासारखा सगळीकडं पसरलेला असू द्यावा.

आपला,
रंगनाथ

ता. क. लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे. वाटल्यास रिकामी नेऊ शकता, वाटल्यास भरलेली आणू शकता.

ता. क. दुसरा. (हाच खरा समजावा.) पंखा पाठवू नका.

सही केल्यावर मला ते जोडवं आठवलं. उन्हाळ्यात मनकर्णा तुमच्याकडं होती, तिच्या डाव्या पायाचं बोट सुजलं, आणि तुम्हीच तिला सोनाराकडं नेऊन जोडवं कापून घेतलंत. ते अजून घातलेलं नाही. मी लगेच शेडात जाऊन ढीग पाहिला. गोणपाट बाजूला सारलेलं, आणि ढिगात दोन खळगे, शेजारी शेजारी, घोट्याएवढे खोल. मी ढीग सारखा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळगे. दुपारी मला गाढ झोप लागते असा घरात समज आहे, त्याचा फायदा घेऊन एकदा खिडकीतून पाहिलं. ती अंगण ओलांडून आली, दार लोटलं, पालथ्या घमेल्यावर बसली, आणि भुशात पाय खुपसून डोळे मिटले. बराच वेळ. हातगाडी ओढणारं तेवढं कुणी नव्हतं. आवाहनाच्या दिवशीही सड्याच्या ओल्या पायांनी तशीच शेडात गेली असणार. जाताना पाय नुसते ओले, येताना सोन्याचे.

आता सांगा, पंखा आला तर ढीग कुठला? तेव्हा गंजला, हरवला, जिनिंगवाल्यांनी परत नेला, काय वाटेल ते कळवा. शेडाचं जे व्हायचं ते होवो, हा धोका मी पत्करला आहे. काल बाकाच्या उरल्यासुरल्या फळ्यांचं एक बुटकं स्टूल करून ढिगाशेजारी ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. ती त्याच्यावर बसली की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण काल दुपारी मला खरंच झोप लागली.

पाकीट चिकटवायला तिच्याकडंच देतो आहे (आमच्याकडं ते काम भाताच्या शितांनी तीच करते). काळजी नसावी. ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

दादाला मनकर्णाचा नमस्कार. पाकीट लावायच्या आदी जरा नजर गेली म्हणून लिहायलेय. येंनी लिहिलेलं सगळं खरं धरू नको. पावलं महालक्ष्मीचीच हायत, कासाबाई एवढी म्हातारी बाई खोटं बोलंल का? मी कशाला जाऊ त्या शेडात, मला काय कामं न्हाईत? दही निळं केलं होतं ते मातर खरं हाय. पंखा बिल्कुल पाठवू नको, त्याचा लय आवाज येईल, येंची दुपारची झोप मोडंल. रायभानला म्या सांगितलं, कोकरं कासाबाईच्या मागल्या सायवानात बांध, तिला बोलायला सोबत होईल. खुंटी उपटून नेली त्यानं. वैनीला म्हणावं लोणचं चांगलं हाय. आन् दादा, तुझ्याकडून म्हणून येंला एक लिही, माझं नाव घेऊ नको. त्ये नवं स्टूल डुगडुगतंय. डाव्या अंगाचा मागचा पाय आखूड हाय.